हळद मोंढ्यात, ग्राहक हॅम्बुर्गात

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचे बिट सुरू झाले की खरेदीदाराला फार काही विचारावे लागत नाही. तो ढिगात हात घालतो, एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. मोडताना खणकन आवाज आला तर माल चांगला वाळलेला आहे हे त्याला कळते. आतला रंग गडद आणि एकसारखा दिसला तर शिजवणी नीट झालेली असते. वास घेऊन होईपर्यंत त्याच्या मनात भाव ठरलेला असतो. बोली लागते, काटा होतो आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते.

पुढे हाच माल कट्ट्यांतून सांगलीला, नवी मुंबईला किंवा थेट बंदरावर जातो आणि तिथून दुबई, ढाका, क्वालालंपूर, हॅम्बुर्ग अशा वाटांना लागतो. ज्या मसाला किंवा औषध कंपनीत तो अखेर वापरला जातो, तिथल्या खरेदी अधिकाऱ्याने हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतचे नाव बहुधा ऐकलेले नसते. वसमतच्या उत्पादकालाही ती कंपनी ठाऊक नसते. दोघांच्या मधे चार-पाच हात असतात आणि प्रत्येक हात आपली ओळख जपून ठेवतो.

हे कोडे जिल्ह्यातल्या अनेक व्यावसायिकांच्या परिचयाचे आहे. माल आहे, मोबाइल आहे, इंटरनेट आहे, ट्रक दारात येतो. तरी मोठा ग्राहक थेट का येत नाही? आणि लिंक्डइनसारख्या व्यावसायिक समाजमाध्यमावर एखाद्याला घरबसल्या परगावचे, परदेशाचे ग्राहक मिळतात, ते नेमके कसे?

जिल्ह्याच्या हाती काय आहे

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हा पाच तालुक्यांचा छोटा जिल्हा. येलदरी, सिद्धेश्वर आणि इसापूर या धरणांच्या पाण्याने इथल्या बऱ्याच शिवारांना बागायतीची जोड मिळाली आणि गेल्या काही दशकांत हळद हे जिल्ह्याचे ओळखीचे पीक झाले. केंद्राच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत हिंगोलीसाठी हळदच निवडली गेली. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारण्याचा निर्णय झाला आणि २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले.

देशाचे चित्रही अनुकूल आहे. जगातील ७० टक्क्यांहून अधिक हळद भारतात पिकते. २०२३-२४ मध्ये देशाचे उत्पादन १०.७४ लाख टन होते आणि १.६२ लाख टन हळद व हळदीचे पदार्थ निर्यात झाले. त्यातून २२.६५ कोटी डॉलर मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाचे काम सुरू झाले. त्याचे मुख्यालय तेलंगणातल्या निजामाबादला आहे. ही निर्यात २०३० पर्यंत १०० कोटी डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे.

म्हणजे मागणी आहे, मालही आहे. अडते ते विश्वासावर.

अनोळखी माणसाचा माल कोण घेणार?

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये एक निबंध लिहिला. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. गाडीत काय बिघडले आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांवर संशय घेतो आणि कमीच भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि मागे खराब गाड्याच जास्त उरतात. मालाबद्दलची माहिती एकाच बाजूला साठली की चांगल्या मालाचेही नुकसान होते, हा त्याचा अर्थ. या विषयावरील कामासाठी अकेरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोंढ्यात ही अडचण हळकुंड मोडून सुटते. हॅम्बुर्गच्या खरेदी अधिकाऱ्याला ते मोडता येत नाही, आणि त्याची भीती निराधारही नाही. बांगलादेशात हळदीला पिवळीधमक झळाळी आणण्यासाठी पॉलिश करताना लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असलेला रंग, वापरला जात होता. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याची आयसीडीडीआर,बी ही संस्था यांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हा प्रकार पुढे आणला. त्या वर्षी तिथल्या बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते. सरकारने कारवाई आणि जनजागृती केल्यावर २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. युरोपीय संघात हळदीसारख्या वाळवलेल्या मुळांच्या व कंदांच्या मसाल्यांत एका किलोला जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम शिसे चालते. त्याहून जास्त निघाले तर माल बंदरावर अडतो आणि खरेदी करणाऱ्या माणसाला वरिष्ठांपुढे उत्तर द्यावे लागते.

म्हणून तो स्वस्त मालाआधी बिनघोर माल शोधतो. नव्या पुरवठादाराकडे पाहताना त्याच्या मनात तीन प्रश्न असतात. हा माणूस खरोखर आहे का? त्याला या मालातले कळते का? आणि माझ्या ओळखीतले कोणी त्याला ओळखते का? लिंक्डइनवर धंदा मिळतो तेव्हा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका जागी मिळालेली असतात.

हे माध्यम वेगळे कशाने?

रीड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंक्डइन ५ मे २००३ रोजी लोकांसाठी खुले केले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. २०२३ च्या अखेरीस जगभरातील सदस्यांची संख्या १०० कोटींवर गेली. भारतातील सदस्यांनी त्याच वर्षी १० कोटींचा टप्पा ओलांडला. सदस्यसंख्येत अमेरिकेनंतर भारताचाच क्रमांक लागतो. २०२४ पासून ते मराठीतही वापरता येते.

फेसबुकवर माणूस मित्र, नातलग किंवा कार्यकर्ता म्हणून असतो. लिंक्डइनवर तो हुद्द्यासह असतो: अमुक कंपनीचा खरेदी व्यवस्थापक, तमुक कंपनीची गुणवत्ता विभागप्रमुख. त्यामुळे कंपनी, हुद्दा आणि गाव या तीन चाळण्या लावून माणूस शोधता येतो. व्हॉट्सअॅपच्या गटात आधीच नंबर असलेली माणसे असतात, नवा माणूस तिथे सापडत नाही. व्यापारी सूची देणाऱ्या संकेतस्थळांवर ग्राहकाची एकच चौकशी अनेक विक्रेत्यांकडे जाते आणि बोलणे लगेच भावावर येते. लिंक्डइनवर मालाच्या आधी माणूस दिसतो.

सोयरीक जुळते तशी ओळख

मुलीसाठी स्थळ पाहताना कोणी अनोळखी घराचे दार थेट ठोठावत नाही. कळमनुरीच्या मामांचे साडू सेनगावात असतात, त्यांच्या शेजारच्या घरी स्थळ असते. मामा साडूंना विचारतात, साडू शेजाऱ्यांशी बोलतात आणि मग पाहुणे येतात. मधला माणूस दोन्हीकडे आपला शब्द खर्च करतो, म्हणून पहिले बोलणे सोपे होते.

लिंक्डइनची सगळी रचना याच चालीवर आहे. ज्याने तुमचे निमंत्रण स्वीकारले तो पहिल्या पायरीचा ओळखीचा. त्याच्या ओळखीचा पण तुमच्या नसलेला, तो दुसऱ्या पायरीचा, आणि त्याच्याही पुढचा तिसऱ्या पायरीचा. कोणाचेही पान उघडले की तो कितव्या पायरीवर आहे, आणि दुसऱ्या पायरीवर असेल तर मधे कोण आहे, हे तिथेच दिसते. मामा कोण आणि साडू कोण, हे शोधायला गावभर फिरावे लागत नाही.

ही दुसरी पायरीच धंद्याला जास्त उपयोगी का पडते, याचे उत्तर समाजशास्त्रात आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ‘सैल ओळखींचे बळ’ या आशयाचा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतील बोस्टनजवळ त्यांनी नोकरी बदललेल्या लोकांना विचारले की नोकरीची माहिती ज्याच्याकडून मिळाली, त्या माणसाशी तुमची भेट किती वेळा व्हायची? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के जणांची त्या माणसाशी वरचेवर भेट होत असे. ५५.६ टक्क्यांची अधूनमधून, तर २७.८ टक्क्यांची क्वचितच. कारण साधे आहे. रोज भेटणाऱ्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडून.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनवरचाच एक मोठा अभ्यास आला. त्यात पाच वर्षांतील सुमारे २ कोटी सदस्यांची माहिती तपासली होती. निष्कर्ष असा की नोकरी बदलताना सर्वाधिक उपयोग झाला तो मध्यम सैल ओळखींचा, म्हणजे अगदी परक्या आणि अगदी घट्ट यांच्या मधल्या. पण त्यात एक बारकावा होता. संगणकावर जास्त चालणाऱ्या उद्योगांत सैल ओळखी कामी आल्या, तर तशा नसलेल्या उद्योगांत घट्ट ओळखी. हा अभ्यास नोकऱ्यांचा होता. तरी हिंगोलीच्या विक्रेत्याने त्यातून एवढे जरूर घ्यावे की लिंक्डइनवरची ओळख दार उघडून देते, पण हळदीसारख्या मालाचा सौदा नमुना पाहून, फोनवर बोलून आणि शक्यतो भेटूनच पक्का होतो.

म्हणून सुरुवात अनोळखी परदेशी साहेबाला निमंत्रण धाडून करू नये. आधी ओळखीची माणसे जोडावीत: कृषी महाविद्यालयातले वर्गमित्र, पुण्या-मुंबईत अन्न कंपन्यांत लागलेली गावची मुले, कृषी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञ, बँकेतले अधिकारी, वाहतूकदार, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, यंत्रे विकणारे. यातल्या प्रत्येकाच्या मागे एक वेगळे वर्तुळ असते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेली मंडळी आज देशभरातल्या कृषी आणि अन्न कंपन्यांत आहेत. जिल्ह्यातल्या कितीतरी जणांसाठी ती पहिल्याच पायरीवर असतात, फक्त जोडून घेतलेली नसतात.

पान असे लिहावे की तपासणाऱ्याला तपासता येईल

ओळखीतून खरेदी अधिकारी तुमच्या पानावर आला, तरी तो तिथे फार वेळ थांबत नाही. नावाखाली २२० अक्षरांची एक ओळ लिहिता येते. बहुतेक जण तिथे ‘संचालक’ किंवा ‘प्रोप्रायटर’ लिहून मोकळे होतात. त्यातून घेणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘वसमत तालुक्यातील शेलम हळद; हळकुंड आणि पावडर; प्रत्येक लॉटसोबत प्रयोगशाळेचा अहवाल’ असे लिहिले तर काय मिळेल, कुठले मिळेल आणि खात्री काय, हे एका नजरेत कळते. शिवाय लिंक्डइनवरचा शोध शब्दांवर चालतो. पानावर ‘हळद’ हा शब्दच नसेल, आणि परदेशी ग्राहकासाठी त्याचे इंग्रजी नाव नसेल, तर हळद शोधणाऱ्याला ते पान दिसणार नाही. एकच पान दोन भाषांत ठेवण्याची सोय तिथे आहे, ती जरूर वापरावी.

सविस्तर परिचयासाठी २,६०० अक्षरांची जागा असते. तिथे घराण्याचा इतिहास नको, घेणाऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे हवीत. कुरकुमीन किती, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारे आणि औषध कंपन्यांना हवे असलेले द्रव्य किती टक्के आहे? ओलावा किती? अख्ख्या हळदीसाठी भारतीय अन्नसुरक्षा नियमांची कमाल मर्यादा १२ टक्के आहे. एका खेपेला किती टन देता येईल? वाफेवर शिजवता की काहिलीत? वाळवणी ताडपत्रीवर होते की काँक्रीटच्या ओट्यावर? शिसे, कीडनाशकांचे अंश आणि जंतू यांची तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली?

यानंतर परवान्यांची पाळी. अन्न व्यवसायासाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना लागतो. निर्यात करायची तर विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात कोड घ्यावा लागतो आणि मसाल्यांसाठी स्पाइसेस बोर्डाकडे निर्यातदार म्हणून नोंदणी करावी लागते. वाळलेल्या हळदीचा व्यापारी संकेतांक ०९१०३०२० आणि पावडरीचा ०९१०३०३०. ही माहिती पानावर असली की घेणाऱ्याला ती सरकारी संकेतस्थळांवर पडताळता येते, आणि पडताळता येणारा दावा हाच उपयोगाचा दावा असतो.

भौगोलिक मानांकनाबाबत मात्र जपावे. १९९९ च्या कायद्यानुसार मानांकन मिळालेल्या नावाचा वापर करण्यासाठी उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. वसमत परिसरात शेती आहे, एवढ्यावर पाकिटावर किंवा पानावर मानांकनाचे चिन्ह लावता येत नाही. ही नोंदणी झालेली असेल तर तो क्रमांक ठळक द्यावा.

कंपनीची खरेदी एकट्या माणसाच्या निर्णयाने होत नाही. खरेदी विभाग भाव पाहतो, गुणवत्ता विभाग अहवाल पाहतो, उत्पादन विभागाला माल वेळेवर हवा असतो. त्यामुळे एकाच कंपनीतल्या दोन-तीन विभागांतील माणसे हळूहळू जोडलेली असावीत.

काय लिहावे? शिवारातली खबर

पान तयार झाले की पुढचा प्रश्न येतो: रोज काय टाकायचे? दुकानाचा फोटो, सणाच्या शुभेच्छा आणि ‘आमच्याकडे उत्तम हळद मिळेल’ अशी पाटी. यातले काहीच खरेदी अधिकाऱ्याच्या कामाचे नसते.

त्याला हवी असते पिकाची खबर. जूनमध्ये लागवड कमी झाली की जास्त? ऑगस्टच्या सततच्या पावसाने कंदकूज वाढली का? काढणी कधी सुरू होईल? यार्डात आवक कशी आहे? हळदीचे भाव एका वर्षात मोठे चढ-उतार दाखवतात. म्हणून दूरच्या कंपनीला ही माहिती पैशाइतकीच मोलाची असते, आणि ती मिळवण्यासाठी तिला दलालांवर आणि अहवालांवर अवलंबून राहावे लागते. हिंगोलीच्या माणसाला ती बांधावर उभे राहून दिसते. जिल्ह्यातला विक्रेता दूरच्या ग्राहकाला देऊ शकतो अशी ही पहिली मोलाची गोष्ट आहे, आणि तिला खर्च काहीच नाही.

अशी खबर प्रामाणिक हवी. पीक चांगले असताना भाव चढावा म्हणून नुकसानीच्या बातम्या पसरवल्या तर दोन महिन्यांत आवकेचे आकडे ते खोटे पाडतात, आणि गेलेला विश्वास परत येत नाही.

लिहिलेला मजकूर लोकांपर्यंत कसा पोहोचतो, हेही समजून घ्यावे. तो सगळ्या ओळखीच्यांना एकदम दाखवला जात नाही. आधी काही जणांना दिसतो. ते थांबून वाचतात का, प्रतिसाद लिहितात का, यावर तो पुढे किती जणांना दाखवायचा हे संगणक ठरवतो. वाचक मजकुरावर किती वेळ थांबतो हे मोजले जाते, असे लिंक्डइनच्या अभियंत्यांनी २०२० मध्येच लिहिले होते. कोणी प्रतिसाद दिला की तो मजकूर त्याच्या ओळखीच्यांनाही दिसू शकतो. दुसऱ्या पायरीपर्यंत जाण्याचा हा एक रस्ता आहे. त्यामुळे शंभर जणांनी न वाचता ‘लाइक’ करण्यापेक्षा हळदीतल्या पाच जाणत्यांनी प्रश्न विचारलेले चांगले. त्या प्रश्नांना उत्तरे देताना विक्रेत्याला कळते किती, हेही सर्वांना दिसते.

आज नको असलेला ग्राहक

महिनाभर लिहिले तरी एकही चौकशी नाही, असे म्हणून बहुतेक जण याच टप्प्यावर हे सोडून देतात. ऑस्ट्रेलियातील एहरेनबर्ग-बास संस्थेचे प्राध्यापक जॉन डॉज यांनी २०२१ मध्ये मांडलेला हिशेब इथे उपयोगी पडतो. समजा, एखादी कंपनी एखाद्या सेवेचा पुरवठादार सरासरी पाच वर्षांनी बदलते. म्हणजे एका वर्षात २० टक्केच कंपन्या नवा पुरवठादार शोधतात आणि एका तिमाहीत फक्त ५ टक्के. उरलेल्या ९५ टक्के कंपन्यांना त्या क्षणी काहीच नको असते.

हे प्रमाण प्रत्येक मालाला जसेच्या तसे लागू होत नाही. हळद दरवर्षी लागते, तर हळद शिजवण्याचे बॉयलर किंवा पॉलिशचा ढोल अनेक वर्षांनी एकदाच. पण तत्त्व तेच आहे. आज मजकूर वाचणाऱ्या बहुतेकांना आज खरेदी करायची नाही. त्यांचा आत्ताचा पुरवठादार कधी तरी माल उशिरा देईल, अहवालात शिसे निघेल, भाव अडून बसेल, आणि त्या दिवशी त्यांना जे नाव आठवेल ते वर्षभर डोळ्यांसमोर असलेले असेल. म्हणून रोज दहा गोष्टी टाकून महिन्यात थकण्यापेक्षा आठवड्याला एक कामाची गोष्ट वर्षभर लिहिणे बरे.

पहिला निरोप

योग्य माणूस सापडल्यावर निमंत्रणासोबत छोटी चिठ्ठी जोडता येते. फुकट खात्यावर अशा चिठ्ठ्यांची संख्या आणि लांबी मर्यादित असते, म्हणून त्या निवडून पाठवाव्यात. पुढील दोन चिठ्ठ्या पाहाव्यात.

पहिली: ‘सर, आम्ही उत्तम दर्जाची हळद अत्यंत वाजवी दरात पुरवतो. कृपया ऑर्डर द्यावी.’

दुसरी: ‘नमस्कार. तुम्ही गेल्या आठवड्यात कुरकुमीनच्या घटत्या प्रमाणाबद्दल लिहिले होते. आमच्या वसमत भागातील चार लॉटचे ताजे अहवाल आहेत. पाहायला आवडतील का?’

पहिली चिठ्ठी कोणालाही पाठवता आली असती आणि ती मिळणाऱ्याला हे कळते. दुसऱ्या चिठ्ठीत त्याचे लिहिणे वाचल्याची खूण आहे, देण्याजोगी एक गोष्ट आहे आणि ‘हो’ म्हणायला सोपा प्रश्न आहे. विक्रीची मागणी तिच्यात नाहीच. मधे ओळखीचा माणूस असेल तर त्याला आधी विचारून त्याचे नाव घालावे.

शेकडो लोकांना एकच निरोप आपोआप पाठवणारी सॉफ्टवेअर बाजारात मिळतात. लिंक्डइनच्या नियमांत ती बसत नाहीत आणि त्यापायी खाते बंद होऊ शकते.

सावधगिरी

ज्या दारातून ग्राहक येतो त्याच दारातून भामटाही येतो. मोठ्या कंपनीचे नाव लावून कोणी दहा कंटेनरची ऑर्डर देतो आणि मग ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘तपासणी शुल्क’ आधी भरायला सांगतो. खरा खरेदीदार पुरवठादाराकडे पैसे मागत नाही. पानावर हुद्दा असला तरी ईमेल कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आला आहे का, हे तपासावे. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या दूरध्वनीवर स्वतः फोन करून खात्री करावी. बँक खाते बदलल्याचा निरोप आला तर फोनवर बोलल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

पहिल्या परदेशी सौद्यात आगाऊ रक्कम किंवा बँकेचे पतपत्र, म्हणजे ठरलेली कागदपत्रे सादर केल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी, घ्यावी. १९५७ पासून काम करणारी केंद्र सरकारची ईसीजीसी ही कंपनी निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्ध विमा देते. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. जितक्या लवकर कळवले जाईल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

> चौकट: थोडक्यात
>
> • दूरच्या ग्राहकाला माल हाताळता येत नाही. पडताळता येणारी माहिती आणि मधल्या माणसाचा शब्द यांवर तो विश्वास ठेवतो.
>
> • आधी ओळखीची माणसे जोडावीत. नवे ग्राहक बहुधा त्यांच्या ओळखीत, म्हणजे दुसऱ्या पायरीवर असतात.
>
> • नावाखालच्या ओळीत हुद्द्याऐवजी माल, गाव आणि खात्री लिहावी.
>
> • परवाने, अहवाल आणि एका खेपेला देता येणारा माल यांची माहिती पानावर ठेवावी.
>
> • आठवड्याला एकदा शिवारातली खरी खबर द्यावी.
>
> • पहिल्या निरोपात विक्री करू नये, उपयोगी काही देऊ करावे.
>
> • आगाऊ शुल्क मागणारा ‘ग्राहक’ टाळावा.

हळदीच्या वर्षाबरोबर

हे सगळे पिकाच्या चक्रात बसवता येते. मे-जूनमध्ये लागवड होते, तेव्हा पान तयार करावे आणि ओळखीची माणसे जोडावीत. पावसाळ्यात पिकाच्या बातम्या द्याव्यात. दिवाळीनंतर पीक किती येणार याचा अंदाज बांधता येतो, तेव्हा निवडक खरेदी अधिकाऱ्यांना पहिले निरोप पाठवावेत. पुढच्या वर्षाच्या खरेदीचा विचार अनेक कंपन्यांत याच सुमारास सुरू होतो. जानेवारी अखेरीपासून काढणी आणि शिजवणी चालते. पहिला लॉट वाळला की नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि अहवाल हाती येताच तो मागणाऱ्यांना द्यावा. मार्चपासून यार्डात आवक वाढते, तोवर दोन-चार नमुन्यांची पाकिटे कुरियरने रवाना झालेली असावीत.

एकट्या शेतकऱ्याला हे जमणे कठीण, कारण कंपनीला एकसारखा माल टनांत लागतो. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा महिला बचतगटांचा संघ यांना ते शक्य आहे. अशा संस्थेतल्या एखाद्या तरुण सदस्याकडे हे काम वर्षभरासाठी सोपवावे, त्यासाठी आठवड्यातले काही तास राखून ठेवावेत आणि पान संस्थेच्या नावाबरोबर त्याच्या स्वतःच्या नावानेही चालवू द्यावे. लोक बोलतात ते माणसाशी. हिंगोलीत बसून परगावच्या कंपन्यांचे काम करणाऱ्या लेखापालाला, संगणक अभियंत्याला किंवा यंत्रे बनवणाऱ्या वर्कशॉपलाही हीच पद्धत लागू पडते. हळदीच्या अहवालाच्या जागी त्यांनी आपल्या कामाचे नमुने ठेवायचे.

पहिल्या वर्षी हॅम्बुर्गची ऑर्डर येईल अशी अपेक्षा धरू नये. पुण्यातील एखादी मसाला कंपनी किंवा इंदूरचा एखादा प्रक्रिया उद्योजक वीस-तीस कट्ट्यांचा माल चाचणीसाठी मागवेल, हे जास्त संभवते. तो माल नमुन्याबरहुकूम आणि ठरल्या दिवशी पोहोचवावा. त्याच कंपनीकडून दुसरी ऑर्डर आली की तिथल्या खरेदी अधिकाऱ्याला लिंक्डइनवर दोन ओळींची शिफारस लिहिण्याची विनंती करावी. ती त्याच्या नावाने, हुद्द्याने आणि कंपनीच्या नावासह विक्रेत्याच्या पानावर दिसते, आणि पुढच्या हंगामात पान उघडणाऱ्या अनोळखी खरेदीदाराला फोन करून विचारायला एक माणूस मिळतो.